मालापेक्षा हमाली महाग

बंगळूरच्या चिकपेटेत कापडाचा गठ्ठा अजूनही माणसाच्या डोक्यावरून दुकानात पोचतो. गल्ल्याच तशा आहेत. टेम्पो आत शिरला की समोरून येणाऱ्या स्कूटरला भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं, आणि ट्रक तर नाक्याच्या आत येतच नाही. मग डोक्यावर गठ्ठा आणि तोंडाने ‘दारी बिडी, दारी बिडी’, म्हणजे वाट सोडा, असं म्हणत हमाल गर्दीतून सरसर निघतो. रेशमी साड्यांच्या या बाजारात व्यापाऱ्याच्या पोराला एक हिशोब वेगळा शिकवावा लागत नाही. रोज खपणारा माल गादीमागच्या फळीवर ठेवायचा, सणासुदीला लागणारा माळ्यावर, आणि उरलेला गोदामात. गोदामातून दिवसाला दहा वेळा गठ्ठे आणवणाऱ्या दुकानदाराचा नफा हमालीतच जातो.

तिथून चालत दहाएक मिनिटांवर सदर पत्रप्पा रस्ता लागतो. पूर्ण नाव कुणीच घेत नाही, सगळं शहर त्याला एस. पी. रोड म्हणतं. तिथे कापड नाही. मेमरीच्या पट्ट्या, ग्राफिक्स कार्डं, रेझिस्टरच्या माळा, सोल्डरिंगची तार, उघडून ठेवलेले जुने मदरबोर्ड असा सगळा माल. गिऱ्हाइकांत दुरुस्तीवाले असतात, इंजिनिअरिंगची पोरं असतात, आणि मधूनच मल्लेश्वरमपलीकडच्या भारतीय विज्ञान संस्थेत पीएचडी करणारा एखादा विद्यार्थी हातात यादी घेऊन आलेला असतो. त्याच्या प्रबंधाचा विषय कमी विजेत चालणारं डीप लर्निंग, म्हणजे ढीगभर उदाहरणांवरून यंत्राला शिकवणं, असा असेल, तर तोही मुळात चिकपेटेच्या व्यापाऱ्याचाच हिशोब सोडवत असतो. संगणकात आकडेमोडीला वीज थोडी लागते. खरा खर्च होतो तो आकडा मेमरीच्या गोदामातून प्रोसेसरच्या दुकानापर्यंत वाहून आणण्यात.

हा हिशोब बंगळुरात कसा येऊन पोचला, याची गोष्ट चिकपेटेपासून सुरू केली तर सोपी जाते.

केंपेगौडाने १५३७ मध्ये बंगळूर वसवलं, तेव्हा दोडपेट आणि चिकपेट हे दोन रस्ते जिथे एकमेकांना छेदतात तिथून चार दिशांना चार नांगर धरले आणि बैल थांबले तिथे वेशी उभ्या केल्या, अशी आख्यायिका आहे. दोड म्हणजे मोठं, चिक्क म्हणजे छोटं. दोडपेटेचा आज ॲव्हेन्यू रोड झाला, चिकपेट मात्र चिकपेटच राहिली. भोवती धंद्यागणिक एकेक पेठ बसली : अक्कीपेटेत तांदूळ, अरळेपेटेत कापूस, बळेपेटेत बांगड्या, कुंबारपेटेत मडकी. पुण्याच्या माणसाला हे नकाशावर दाखवायची गरज नाही, पेठ म्हणजे काय ते त्याला कळतं.

मराठी माणसाचं इथलं नातंही जुनं आहे. १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने बंगळूर जिंकलं आणि ते शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आलं. शहाजीराजांचा गौरीमहाल याच भागात होता, असं इथे परंपरेने सांगितलं जातं. पुढे १६८७ च्या सुमारास तंजावरकर भोसल्यांनी हे शहर म्हैसूरच्या चिक्कदेवराजाला तीन लाखांना विकायचं ठरवलं. व्यवहार पुरा व्हायच्या आत मुघल सरदार कासिमखान येऊन बसला, आणि अखेर शहर त्याच्याकडून म्हैसूरकडे गेलं. राज्य गेलं, पण माणसं राहिली. भावसार, नामदेव शिंपी अशी कापड रंगवणारी आणि शिवणारी घराणी या शहरात आजही आहेत, आणि त्यांच्या घरात कानडीने चांगली मुरवलेली मराठी ऐकू येते.

फ्रान्सिस बुकानन १८०० मध्ये या पेठांतून फिरला. टिपूचा पाडाव होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. त्याने इथल्या विणकरांच्या जाती, त्यांचे माग, रंग आणि भाव नोंदवून ठेवले. त्यात रेशीम विणणारे पट्टेगार आणि खत्री आहेत. पुढे या पेठांतल्या मागांवर जकार्ड चढलं. फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास जोझेफ मारी जकार्डने केलेली ही जोडणी. पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडायची, पत्त्यांची माळ मागावर फिरवायची. जिथे भोक असेल तिथे ताण्याचा धागा उचलला जातो, जिथे नसेल तिथे तो जागचा हलत नाही. एका पदराच्या नक्षीसाठी असे ढीगभर पत्ते लागतात, आणि एक पत्ता मागेपुढे झाला की मोराची मान वाकडी होते.

जकार्डचा माग हा संगणकाचा आजोबा, असं वारंवार लिहिलं जातं. ते जरा गोड करून सांगणं आहे. माग काही मोजत नाही, सांगितलं तेवढं करतो. पण पत्त्यांची कल्पना बॅबेजने आपल्या यंत्रासाठी उचलली, हर्मन हॉलरिथने १८९० च्या अमेरिकेच्या जनगणनेत वापरली, आणि त्याच्या कंपनीतून पुढे आयबीएम उभी राहिली, हे खरंच आहे. आणखी एक गोष्ट खरी आहे, जी सहसा कुणी सांगत नाही. ज्या धाग्याचं त्या घडीला काम नाही तो उचलायचाच नाही, ही मागाची रीत आज कमी विजेच्या डीप लर्निंगमधल्या एका मोठ्या युक्तीतही दिसते. त्याकडे पुढे यायचं आहे.

आता वीज. म्हैसूरचे दिवाण शेषाद्री अय्यर यांच्या पुढाकाराने कावेरीवर शिवनसमुद्रम येथे जलविद्युत केंद्र उभं राहिलं आणि १९०२ मध्ये तिथली वीज कोलार गोल्ड फील्ड्सच्या सोन्याच्या खाणींना मिळू लागली. ९२ मैलांची, म्हणजे सुमारे १४८ किलोमीटरची ती तार त्या काळी जगातल्या सर्वांत लांब वीजवाहिन्यांत गणली गेली. सुरुवातीला ७२० किलोवॉटची सहा जनित्रं होती, म्हणजे सगळी मिळून ४.३ मेगावॉट. हा आकडा लक्षात ठेवावा. आधी खाण, मग माणूस, हा क्रमही लक्षात ठेवावा. शहराचा नंबर लागला ५ ऑगस्ट १९०५ रोजी. चिकपेटेला लागूनच असलेल्या सिटी मार्केटच्या परिसरात, म्हणजे आजच्या के. आर. मार्केटजवळ, विजेचे दिवे लागले. ‘आशियातलं पहिलं विजेचं शहर’ ही बिरुदावली बंगळूरकर अजून मिरवतात. कलकत्त्यात १८९९ मध्येच वीज आली होती, हे त्यांना सांगून उपयोग नाही.

याच सुमारास शहराच्या उत्तरेला एक संस्था आकार घेत होती. जमशेटजी टाटांनी १८९८ मध्ये स्वामी विवेकानंदांना लिहिलेल्या पत्रात जिचा उल्लेख केला होता, ती भारतीय विज्ञान संस्था १९०९ मध्ये स्थापन झाली. म्हैसूर दरबाराने ३७१ एकर जमीन दिली. त्या जागी संस्था येण्यामागे म्हैसूरची स्वस्त वीज हेही एक आकर्षण होतं. विद्युत तंत्रज्ञान हा तिच्या अगदी पहिल्या विभागांपैकी एक. बंगळूरचे रिक्षावाले आणि बसवाले तिला आजही ‘टाटा इन्स्टिट्यूट’ म्हणतात.

या टाटा इन्स्टिट्यूटच्या दारात संशोधनाची संधी मागायला १९३३ मध्ये एक मराठी मुलगी उभी राहिली, तिची आठवण इथे टाळता येत नाही. कमला भागवत, म्हणजे दुर्गाबाई भागवतांची बहीण. मुंबई विद्यापीठात पहिली आलेली. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही याच संस्थेत रसायनशास्त्र शिकलेले. संचालक होते नोबेलविजेते चंद्रशेखर व्यंकट रामन. त्यांनी ती मुलगी आहे म्हणून नकार दिला. कमलाबाई परत गेल्या नाहीत, सत्याग्रहाच्या बोलीवर त्यांनी कारण विचारलं. शेवटी प्रवेश मिळाला तो अटींवर : पहिलं वर्ष उमेदवारीचं, कामाचा दर्जा पटेपर्यंत त्याला मान्यता नाही, आणि तिच्या असण्याने पुरुष संशोधकांचं लक्ष विचलित होता कामा नये. त्यांनी अटी मान्य केल्या, श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली दूध आणि डाळींतल्या प्रथिनांवर काम केलं, आणि पुढे केंब्रिजला जाऊन १९३९ मध्ये पीएचडी मिळवली. विज्ञानात ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. प्रबंध होता अवघा चाळीस पानांचा. कमला सोहोनी या नावाने महाराष्ट्र त्यांना ओळखतो.

त्यांना बंगळुरातच पीएचडी का करता आली नाही, याचं एक कोरडं कारण आहे. संस्थेला तेव्हा स्वतःची पदवी देण्याचा अधिकारच नव्हता. काम इथे करायचं आणि पदवी मुंबईसारख्या दुसऱ्या विद्यापीठाची घ्यायची. कमलाबाईंची एम.एस्सी.ही अशीच मुंबई विद्यापीठाची. १९५८ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला तेव्हा हे बदललं.

त्याच दशकात संस्थेत एक यंत्र आलं, जे आज पुन्हा आठवण्यासारखं झालं आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाचे व्हिन्सेंट राइडआउट १९५० च्या दशकाच्या मध्यात बंगळुरात शिकवायला आले आणि त्यांनी एक ॲनालॉग संगणक उभा केला. त्याचं नाव प्रेडा. त्यावर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांत व्ही. राजारामन होते. भारतातल्या काही पिढ्या ज्यांच्या पुस्तकांतून प्रोग्रॅमिंग शिकल्या, तेच राजारामन.

ॲनालॉग म्हणजे काय, हे चिकपेटेच्या भाषेत सांगायचं तर तागडीचा हिशोब. डिजिटल संगणक प्रत्येक आकडा शून्य आणि एकमध्ये लिहितो आणि मुनीमजीसारखा ओळीने बेरीज करतो. तागडी बेरीज करत नाही. पारड्यात तीन वस्तू टाकल्या की काटा आपोआप एकत्र वजन दाखवतो. ॲनालॉग परिपथात आकड्याच्या जागी विद्युतदाब असतो. दाबाला रोधातून जाऊ दिलं की ओहमच्या नियमाने गुणाकार होतो, आणि दोन तारा जोडल्या की त्यांतले प्रवाह मिळून बेरीज होते. निसर्गच हिशोब करून देतो. खोट एकच, तागडी मिलिग्रॅम दाखवत नाही. तापमान बदललं, भाग जुने झाले की उत्तर सरकतं. म्हणून डिजिटल आला आणि ॲनालॉग अडगळीत गेला. पुढे याच संस्थेत राजारामन सुपरकॉम्प्युटर केंद्राचे प्रमुख झाले. पुण्याच्या सी-डॅकमध्ये विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला, आणि त्या घराण्यातला परम प्रवेग २०२२ मध्ये ३.३ पेटाफ्लॉप्स क्षमतेनिशी भारतीय विज्ञान संस्थेत बसला.

मधल्या काळात डीप लर्निंगने सगळं पालटून टाकलं होतं. सुरुवात मात्र एस. पी. रोडवर शोभेल अशीच झाली. २०१२ मध्ये टोरांटोतल्या ॲलेक्स क्रिझेव्हस्कीने चित्रं ओळखणारं ॲलेक्सनेट शिकवलं ते दोन ग्राफिक्स कार्डांवर. जीटीएक्स ५८० नावाची ती कार्डं, मुळात खेळ खेळणाऱ्यांसाठी बनवलेली. शिकवायला पाच-सहा दिवस लागले. एका कार्डाची भूक सुमारे २४४ वॉट. फक्त कार्डांचा हिशोब केला तर सगळं काम साधारण ७० युनिटांत झालं. एवढी वीज मध्यमवर्गीय घर महिन्याभरात सहज वापरतं.

आठ वर्षांनी जीपीटी-३ हे भाषेचं प्रारूप, म्हणजे मॉडेल, आलं. ते एकदा शिकवायला सुमारे १,२८७ मेगावॉट-तास वीज लागली, असा अंदाज २०२१ मध्ये डेव्हिड पॅटरसन आणि सहकाऱ्यांनी मांडला. म्हणजे जवळजवळ तेरा लाख युनिट. कावेरीचं ते १९०२ चं केंद्र आठवावं. त्याची सहाच्या सहा जनित्रं पूर्ण ताकदीने बारा दिवसांहून जास्त चालली असती, तेव्हा कुठे ही वीज जमा झाली असती. ज्या केंद्राने सोन्याच्या खाणी चालवल्या आणि सिटी मार्केटला पहिला उजेड दिला, त्याचा जवळजवळ पंधरवडा एका प्रारूपाच्या शिकवणीत खर्ची पडला असता. माणसाचा मेंदू अख्खं आयुष्य सुमारे २० वॉटवर चालतो. डोक्यावर गठ्ठा तोलत, वाट काढत, शिव्या घालत चाललेल्या हमालाचाही तेवढ्यातच.

वीज जाते कुठे? स्टॅनफर्डच्या मार्क होरोविट्झ यांनी २०१४ मध्ये याचं दरपत्रकच मांडलं. त्या काळच्या चिपमध्ये ३२ बिटांची एक बेरीज करायला लागते सुमारे ०.९ पिकोज्यूल ऊर्जा. तोच आकडा बाहेरच्या मेमरीतून उचलून आणायचा तर ६४० पिकोज्यूलच्या घरात. सातशे पट. मालापेक्षा हमाली महाग, ती इतकी महाग. आणि डीप लर्निंगच्या प्रारूपात असे आकडे कोट्यवधी असतात, प्रत्येक उत्तरासाठी ते पुन्हा पुन्हा गोदामातून आणावे लागतात.

मग उपाय तेच, जे पेठेतला कुठलाही जुना व्यापारी सांगेल. पहिला, माल कमी करा. प्रारूपातले बरेचसे आकडे नसले तरी बिघडत नाही, हे यान लकून आणि सहकाऱ्यांनी १९८९ च्या सुमारासच दाखवलं होतं. २०१५ मध्ये साँग हान यांनी ॲलेक्सनेटमधले ६ कोटी १० लाख आकडे छाटून ६७ लाखांवर आणले, तरी त्याची नजर कमी झाली नाही. ज्या धाग्याचं काम नाही तो उचलायचा नाही, ही जकार्डची रीत ती हीच. दुसरा, गठ्ठा लहान बांधा. ३२ बिटांचा आकडा ८ बिटांत बसवला तर हमाली चौथ्या हिश्श्यावर येते. तिसरा सर्वांत धाडसी : गोदाम आणि दुकान एकाच जागी आणा. म्हणजे आकडा जिथे ठेवलाय तिथेच त्याचा गुणाकार करा. इथे ती अडगळीतली तागडी पुन्हा कामाला येते.

बंगळुराने या तिन्ही उपायांवर काम केलं आहे, आणि त्यातलं बरंचसं पीएचडीच्या किंवा नुकत्याच पदवीधर झालेल्या पोरांच्या हातून झालं आहे.

मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडिया २००५ पासून या शहरात आहे. तिथल्या आशिष कुमार, सौरभ गोयल आणि मनीक वर्मा यांनी २०१७ मध्ये ‘बोन्साय’ नावाचं प्रारूप मांडलं. नाव समर्पक, कुंडीत मावणारं झाड. ते चालतं आर्डुइनो उनो नावाच्या पट्टीवर. ही पट्टी एस. पी. रोडवर शाळकरी पोरंही विकत घेतात. तिची मेमरी २ किलोबाइट. देवनागरीतलं एक चिन्ह साठवायला ३ बाइट लागतात, म्हणजे या लेखातला एक बऱ्यापैकी लांब परिच्छेदही त्यात मावणार नाही. तेवढ्या जागेत यंत्राला शिकलेली गोष्ट ओळखता आली पाहिजे, तीही इंटरनेटवर न विचारता. या कामाच्या मालिकेतून पुढे अंधांच्या पांढऱ्या काठीला लावायचं एक छोटं उपकरण तयार झालं. काठी ठरावीक पद्धतीने आपटली किंवा फिरवली की त्या खुणा काठीवरच ओळखल्या जातात आणि खिशातल्या फोनला हुकूम जातो. अशा उपकरणाने दर वेळी दूरच्या सर्व्हरला विचारत बसायचं म्हटलं तर बॅटरी संध्याकाळपर्यंतही टिकणार नाही.

भारतीय विज्ञान संस्थेत चेतन सिंग ठाकूर यांची न्यूरॉनिक्स प्रयोगशाळा आहे. तिथून २०२२ मध्ये ‘आर्यभट-१’ ही ॲनालॉग चिप बाहेर आली. त्यात पीएचडीचे विद्यार्थी प्रतीक कुमार आणि सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाचे शंतनू चक्रवर्ती यांचा वाटा होता. ॲनालॉग चिपची जुनी तक्रार अशी की तंत्रज्ञानाची पिढी बदलली की आराखडा पुन्हा पहिल्यापासून काढावा लागतो, आणि तापमान बदललं की उत्तर बदलतं. या गटाने आराखड्याची अशी पद्धत बसवली की तो पुढच्या पिढीत थोड्या मेहनतीत नेता यावा आणि निरनिराळ्या तापमानांत टिकावा. प्रेडा जिथे उभा होता त्याच आवारात साडेसहा दशकांनी पुन्हा ॲनालॉग चिप, हा योगायोग मजेशीर आहे.

आणि मग सप्टेंबर २०२४. संस्थेच्या नॅनोविज्ञान केंद्रातल्या श्रीतोष गोस्वामी यांच्या गटाने ‘नेचर’मध्ये एका रेणवीय मेमरिस्टरचं काम छापलं. मेमरिस्टर म्हणजे आठवण ठेवणारा रोध. त्यातून आधी किती वीज गेली, यावर त्याचा रोध ठरतो. लिऑन चुआ यांनी १९७१ मध्ये कागदावर त्याचं भाकीत केलं होतं. बंगळूरच्या गटाने धातू आणि सेंद्रिय रेणूंच्या पातळ थरात अशा सुमारे १६,५०० पायऱ्या मिळवल्या. साध्या बटणाला दोनच अवस्था असतात, चालू आणि बंद. इथे एकेका मेमरिस्टरला सोळा हजारांहून जास्त. आकडा तिथेच साठतो आणि तिथेच गुणला जातो. दाखवण्यासाठी त्यांनी जेम्स वेब दुर्बिणीने टिपलेलं ‘पिलर्स ऑफ क्रिएशन’ हे चित्र साध्या टेबलावरच्या संगणकाला जोडून पुन्हा उभं केलं. प्रयोगशाळेतला मेमरिस्टर बाजारातली चिप होईपर्यंत बरंच पाणी कावेरीतून वाहायचं आहे, हे खरं. पण तागडी आता मिलिग्रॅमच्या जवळ पोचली आहे.

इथे एक थंड पाण्याचा हबका मारायला हवा. वाचवलेली वीज वाचतेच असं नाही. १८६५ मध्ये विल्यम जेव्हन्सने कोळशाबद्दल दाखवून दिलं होतं की इंजिनं काटकसरी झाली की कोळसा कमी नाही, जास्तच जळतो, कारण इंजिनं सगळीकडे बसतात. डेटा सेंटरांचंही तेच दिसतं. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशोबाने २०२४ मध्ये जगातल्या डेटा सेंटरांनी सुमारे ४१५ टेरावॉट-तास वीज खाल्ली, जगाच्या एकूण वापराच्या दीड टक्का. २०३० पर्यंत ती ९४५ वर जाईल, असा तिचा अंदाज आहे. या मधल्या काळात एकेक चिप आधीपेक्षा काटकसरी होतच राहणार आहे. तेव्हा ‘आमचं संशोधन पृथ्वी वाचवेल’ असं कुणी प्रवेशाच्या मुलाखतीत सांगितलं, तर समोरचा प्राध्यापक भुवई उंचावेल.

या विषयाचं खरं आकर्षण दुसरीकडे आहे. मोठं प्रारूप बांधायचं तर हजारो ग्राफिक्स कार्डं लागतात, आणि ती चार-दोन कंपन्यांपाशी आहेत. कुठल्याही विद्यापीठातला विद्यार्थी त्या शर्यतीत सुरुवातीलाच मागे पडतो. दोन किलोबाइटच्या शर्यतीत मात्र त्याच्यापाशी कमी सामान आहे, ही अडचण राहत नाही, तोच प्रश्न बनतो. गरिबीचा असा उपयोग विज्ञानात क्वचित होतो. सांगली-सोलापूरच्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकून आलेल्या मुलीला इथे स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्याशी बरोबरीने प्रश्न विचारता येतो.

संधीचं व्यावहारिक बोलायचं तर कमला भागवतांसारखी उमेदवारीची अट आता कुणावर नाही. गेट किंवा नेटचे गुण, मग विभागाची लेखी किंवा तोंडी परीक्षा, असा ठरलेला मार्ग आहे. भारतीय विज्ञान संस्थेत हा विषय एकाच विभागाच्या दारावर लिहिलेला सापडत नाही. चिप बनवायची तर इलेक्ट्रॉनिक सिस्टिम्स, नवा पदार्थ शोधायचा तर नॅनोविज्ञान केंद्र, प्रारूप छाटायचं तर संगणकशास्त्र किंवा कॉम्प्युटेशनल अँड डेटा सायन्सेस. अर्ज भरण्याआधी आपल्याला तागडी बनवायची आहे, माल छाटायचा आहे की गठ्ठा लहान बांधायचा आहे, एवढं ठरवलेलं बरं. नाहीतर पहिलं वर्ष या विभागातून त्या विभागात फिरण्यात जातं. २०२३ पासून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती महिन्याला ३७,००० रुपये आहे, दोन वर्षांनंतर ४२,०००. २०१८ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान संशोधन शिष्यवृत्तीत ७०,००० पासून सुरुवात होते, आणि पुढच्या पाच वर्षांत अशा १०,००० शिष्यवृत्त्या देण्याची घोषणा २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली. नोकरी न सोडता पीएचडी करू इच्छिणाऱ्या अभियंत्यांसाठी संस्थेत बाह्य नोंदणीची सोय आहे. चिप बनवणाऱ्या कंपन्यांनी भरलेल्या या शहरात ती चांगलीच उपयोगी पडते.

प्रवेश मिळालाच, तर पहिल्या महिन्यात कधीतरी यादी घेऊन पेठेत यावं लागेलच. सँडल सोप फॅक्टरी स्थानकावरून नम्म मेट्रोच्या हिरव्या मार्गावर बसलं की चिकपेट सातवं स्थानक, जून २०१७ पासून चालू असलेलं आणि जमिनीखाली. वर आल्यावर आधी साड्यांची दुकानं लागतील, मग हमालांना वाट देत देत एस. पी. रोड गाठायचा. शनिवारी निघावं. रविवारी तिथली बहुतेक दुकानं बंद असतात.